मासो तारखेक येता काय?

"बाई, तुम्ही विद्यापीठात नेमकं काय शिकवायचात?" हा प्रश्न मला निवृत्त झाल्यापासून मासळी बाजारात, एसटीत आणि चर्चच्या पायरीवरसुद्धा विचारला जातो. मी खरं ते सांगते. "फाईलला नाव कसं द्यायचं ते शिकवायचे." समोरचा माणूस हसतो आणि मग त्याला वाटतं, ह्या फर्नांडिसबाई वयामुळे जरा इकडच्या तिकडे झाल्या असाव्यात.

हसा. पण आधी तुमच्या कॉम्प्युटरवर बघून या. 'फायनल', 'फायनल नवीन', 'फायनल खरंच' आणि 'हेच फायनल' अशा चार फाइली तिथे नसतील तर मी माझं पेन्शन परत करते. तुमच्या घरी लग्नाच्या आमंत्रितांची यादी बिघडेल, फार तर एक मामा रुसेल. संशोधकाची यादी बिघडली तर पाच वर्षांचं काम पाण्यात जातं. आमच्या केंद्रातल्या एका आंबेवाल्या संशोधकाने तीन हंगामांची मोजमापं एका पेन ड्राइव्हवर ठेवली होती, तो पेन ड्राइव्ह पँटच्या खिशात होता आणि पँट वॉशिंग मशिनमध्ये गेली. तो माझ्याकडे आला तेव्हा ती चिमुकली वस्तू त्याने तांदळाच्या डब्यात घालून आणली होती. मी त्याला आधी चहा दिला, मग शिव्या दिल्या. प्रत्येक गोष्टीच्या तीन प्रती, त्यातली एक दुसऱ्या गावात, हे तेव्हापासून तो झोपेतसुद्धा सांगतो.

मी मूळची लायब्ररीतली. पुस्तकं लावता लावता लक्षात आलं की पुस्तकं कोणी हरवत नाही, माहिती मात्र सगळेच हरवतात. मग मी तेच काम धरलं. विद्यापीठाच्या किनाऱ्यावरच्या केंद्रात संशोधन करणाऱ्या पोरापोरींना बसवायचं आणि सांगायचं: मूळ नोंदीला हात लावायचा नाही, काम प्रतीवर करायचं. कॉलममध्ये काय लिहिलंय त्याचा अर्थ वेगळ्या कागदावर लिहून ठेवायचा. सगळ्या तारखा एकाच पद्धतीत. दुबार नोंदी काढून टाकायच्या. आणि काम झालं की तो सगळा डेटा विद्यापीठाच्या ऑनलाइन कोठारात ठेवायचा, म्हणजे उद्या दुसऱ्या कोणाला तेच मासे पुन्हा मोजायला नकोत.

हे शेवटचं सांगितलं की सगळा वर्ग घड्याळाकडे बघायला लागायचा. देतो कोण? आमचे डॉ. पाटणकर, घाटावरचे, माशांवरचे मोठे अभ्यासक, एकदा भर कार्यशाळेत उभे राहून म्हणाले, "फर्नांडिसबाई, माझा डेटा म्हणजे माझी मुलगी आहे. मी ती कोणाच्याही हवाली करणार नाही."

माझ्या जिभेला हाड नाही. मी म्हटलं, "सर, वीस वर्षांची झाली ती. आता तरी बाहेर पडू दे, नाहीतर घरातच म्हातारी व्हायची."

सर महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. पण त्यांची विद्यार्थिनी रसिका दुसऱ्याच दिवशी नोंदी कशा ठेवायच्या ते शिकायला माझ्या टेबलाशी आली, आणि आज मला जे सांगायचंय ते तिचंच.

रसिका कसालची. हायवेवर घर, समुद्र तासाभरावर, त्यामुळे मासा तिला ताटातला जास्त माहीत. पण पोरगी जिद्दीची. तिचा विषय होता बांगडा: छोट्या होडीवाल्यांना तो कधी जास्त मिळतो, कधी कमी, आणि का. सरकारी आकडे मोठ्या बंदरांचे असतात. छोट्या होडीचं कोण लिहून ठेवतंय? तर तोंडवलीच्या सुलभाकाकींनी लिहून ठेवलं होतं. काकींचे यजमान आबा संध्याकाळी होडी काढून जाळं टाकत, पहाटे परत येत, आणि काकी मासे विकून आल्या की शाळेच्या वहीत लिहीत: किती टोपल्या, कोणता मासा. अशा अकरा वर्षांच्या वह्या! रसिकाला त्या सापडल्या तेव्हा ती नाचत आली होती. मीही नाचले असते, पण गुडघे.

तिने त्या वह्यांच्या पानापानाचे फोटो काढले, शीटमध्ये सगळं भरलं, माझ्या कार्यशाळेतल्या यादीप्रमाणे साफ केलं. आणि आलेख काढला तर सपाट. महिन्याच्या कुठल्याही दिवशी बांगडा सारखाच. वर नाही, खाली नाही, काही म्हणजे काही नाही. पाटणकर सरांनी बघितलं आणि म्हणाले, "त्या बाईने मनाला येईल ते लिहिलेलं दिसतंय. अशा वह्यांवर प्रबंध होत नाही. सोमवारपर्यंत हे प्रकरण काढून टाक."

हे प्रकरण काढलं तर प्रबंधात उरतं काय? पुन्हा नोंदी गोळा करायच्या तर आणखी एक हंगाम हवा, आणि तिची मुदत तर संपत आलेली. ती माझ्यासमोर बसली ती रडवेली. "बाई, प्रबंधाचं एक वेळ राहू दे. पण काकींना काय सांगू? वह्या देताना त्यांनी त्या नव्या टॉवेलात बांधून दिल्या होत्या. तुमचं लिहिलेलं खोटं निघालं, हे मी कुठल्या तोंडाने सांगू?"

त्या टॉवेलाने माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "शीट उघड. खोटं लिहायलासुद्धा अकरा वर्षं दम लागतो."

आमच्या धंद्यात पहिली गोष्ट करायची असते ती अगदी बाळबोध. प्रत्येक कॉलममधला सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठा आकडा बघायचा. माणसाचं वय दोनशे निघालं, तर कळतं की बोट घसरलंय. टोपल्यांचा कॉलम ठीक. माशांची नावं ठीक. तारखेचा कॉलम लावला: सगळ्यात लहान आकडा एक, सगळ्यात मोठा चौदा.

मी परत बघितलं. चौदा.

"रसिका, अकरा वर्षांत चौदा तारखेनंतर आबा एकदाही समुद्रात गेले नाहीत?"

ती म्हणाली, "मला वाटलं, महिन्याच्या उरलेल्या दिवसांत... दुसरं काही काम..."

"अकरा वर्षं? दर महिन्याला? आणि हा शेरा कसला?"

शेऱ्याच्या कॉलमात प्रत्येक ओळीला 'शुभ' नाहीतर 'वाईट' असं लिहिलं होतं. ती म्हणाली, "काकींनी आकड्यापुढे 'शु' किंवा 'व' लिहिलंय. मला वाटलं, त्यांना तो दिवस कसा वाटला ते असेल. शु म्हणजे शुभ, व म्हणजे वाईट."

मी खाली खाली जात एका ओळीवर थांबले. तेरा, 'वाईट', बारा टोपल्या बांगडे. "बारा टोपल्या बांगडे मिळाल्यावर वाईट कोण लिहील गो? आणि दुबार नोंदी होत्या का?"

"पुष्कळ! एकाच महिन्यात आठ तारीख दोनदा, नऊ तारीख दोनदा. तुमच्या यादीप्रमाणे मी दुसरी नोंद काढून टाकली."

सायबा! मला तेव्हाच संशय आला होता, पण संशयावर शीट बदलत नाहीत. मी म्हटलं, "उद्या सकाळी तोंडवली. मी पण येते."

काकी मागच्या अंगणात आडोळीवर, म्हणजे विळीवर, बसून मासे कापत होत्या. आबा बाजूला जाळं विणत होते. मी वही उघडून काकींपुढे धरली आणि बोट ठेवलं. "काकी, हय 'नोव्हेंबर' लिवलंत आणि खाली आठ. ही आठ तारीख मां?"

काकींनी माझ्याकडे असं बघितलं की मीच शाळेत नापास झालेय. "तारीख खंयची? ती अष्टम."

"आणि पुढचो 'व'?"

"वद्य. 'शु' म्हणजे शुद्ध. गो बाय, तारखेक मासो येता काय? दर्याक तारीख म्हायत आसा? मासो तिथीक येता!"

रसिका वहीची पानं मागे मागे उलटत सुटली.

मग सगळं उलगडत गेलं. काकींच्या भिंतीवर कॅलेंडर होतं. वर मोठ्या अक्षरात इंग्रजी महिना, चौकटीत मोठी तारीख, आणि तिच्याखाली बारीक अक्षरात तिथी. काकी महिना वरचा घेत आणि चौकटीतली फक्त तिथी लिहीत, कारण होडीवाल्याला तारखेचा उपयोगच नाही. त्यामुळे एका महिन्यात आठ दोनदा येणारच, एकदा शुद्ध, एकदा वद्य. आणि पंधरा का नाही? तर "अमाशेक आणि पुनवेक आमची होडी पाण्यात जायत नाय. सासऱ्याच्या वेळेपासूनचो नेम." झालं, चौदाचा हिशेब लागला.

"काकी, मी 'शु' म्हणजे शुभ आणि 'व' म्हणजे वाईट समजले होते," रसिकाने कबूल केलं.

काकी हसल्या त्या अशा की आबांचं जाळं विणायचं थांबलं. "बारा टोपल्यो बांगडे गावले, तो दिस वाईट? शिरा पडो त्या वाईटार!"

मी विचारलं, "पण काकी, तुमी ह्या लिवतास कित्याक? कोणी सांगलां?"

काकींनी आबांकडे मान वळवली. "ह्येंका विचारा. दर वर्षी म्हणतत, आवंदा मासो कमी. मी म्हणतंय, गेल्या वर्षी पण ह्याच म्हणल्यात. भांडणात पुरावो नको?"

आबा जाळ्यात बघूनच म्हणाले, "आणि अकरा वर्सां मीच हरतंय."

वाचकहो, मी आयुष्यभर संशोधकांना विचारत आले की तुमचा अभ्यासाचा हेतू काय, आणि पानं पानं उत्तरं ऐकली. इतका स्वच्छ हेतू कोणी सांगितला नव्हता.

परतताना रिक्षात रसिका पुटपुटत होती, "माझंच चुकलं, मी विचारायला हवं होतं." मी तिला थांबवलं. कारण मला लाज वाटत होती, आणि ती अजूनही वाटते. सगळ्या तारखा एकाच पद्धतीत लिहा, हे कोणी शिकवलं? मी. दुबार दिसेल ते काढा, हे कोणी शिकवलं? मी. पोरीने माझं ऐकलं आणि काकींच्या निम्म्या नोंदी केरात गेल्या. मी मालवणातच वाढलेली, घरी पापाही तिथी बघूनच गळ घेऊन जायचे, आणि तरी माझ्या यादीत 'तिथी' हा शब्द नव्हता. मी तिला म्हटलं, "चूक माझ्या यादीची आहे. चल, दुरुस्त करू."

देवाची कृपा एवढीच की त्याच यादीत मूळ नोंदीला हात लावू नये, हेही होतं. पानांचे फोटो जसेच्या तसे होते. आम्ही दोघी शुक्रवार, शनिवार, रविवार बसलो. मी वाचायची, ती भरायची. काढलेली प्रत्येक दुबार नोंद परत आणली. जुनी पंचांगं माझ्या लायब्ररीतल्या मैत्रिणीने कपाटातून काढून दिली, त्यावरून तिथीची तारीख बसवली. कुठे एकच तिथी महिन्याच्या सुरुवातीला आणि शेवटी आली तर वहीतला क्रम बघून ठरवलं. तिथीचा कॉलम वेगळा, तारखेचा वेगळा, आणि कशाचा अर्थ काय हे सांगणारा कागद सगळ्यात वर.

रविवारी दुपारी जेवणंही झाली नव्हती तेव्हा रसिकाने आलेख काढला.

काय सांगू तुम्हाला! मधोमध दरी पडली होती. शुद्ध प्रतिपदेला रेघ वर, मग जसजसा चंद्र मोठा होत जातो तसतशी ती उतरत उतरत शुद्ध चतुर्दशीला तळाला, आणि वद्य पक्षात परत चढत चढत अमावास्येच्या आदल्या दिवशी शेंड्याला. मी खुर्चीवरून उठून ओरडले. रसिका टेबलावर हात आपटत होती. शिपाई धावत आला, त्याला वाटलं कोणाला शॉक बसला.

मी तिथल्या तिथे काकींना फोन लावला. काकी म्हणाल्या, "मगे? चांदण्यात जाळा माशाक दिसता. काळोखात दिसना नाय. ह्या शोधूक इतको कॉम्प्युटर लागलो?"

आधीची रेघ सपाट का आली होती तेही कळलं. शुद्धात मासा उतरतो, वद्यात चढतो. दुबार काढल्यावर काही महिन्यांत शुद्ध आठ उरली होती, काही महिन्यांत वद्य; त्या सगळ्या एकाच आठमध्ये घातल्या की चढ आणि उतार एकमेकांना खाऊन टाकतात. मासेमार हे पिढ्यान् पिढ्या जाणतात, पण छोट्या होडीचा अकरा वर्षांचा लेखी पुरावा कोणाकडे होता? आमच्याकडे होता, नव्या टॉवेलात बांधलेला.

सोमवारी पाटणकर सरांनी आलेख हातात घेतला. माणूस मोठा आहे, त्यांना समोर काय आहे ते लगेच कळलं. म्हणाले, "प्रकरण ठेव. प्रबंधात पहिलं हेच घाल." रसिका खोलीबाहेर आली आणि जिन्यात बसून रडली, पण ते रडणं वेगळं होतं.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण ज्या वह्या केरात जायच्या होत्या त्या गुरुवारपर्यंत 'आमचा डेटा' झाल्या. हा डेटा कोठारात ठेवायचा हे सरांनी मान्य केलं, मला आनंदच झाला. मग त्यांनी फॉर्म पाठवला. डेटा निर्माण करणाऱ्यांची नावं: पहिलं डॉ. पाटणकर, दुसरं रसिका. आणि खाली, आभार मानतात त्या ओळीत, 'तोंडवली येथील एक मच्छिमार कुटुंब'.

माझा पारा चढला. मी सरळ त्यांच्या खोलीत गेले. "सर, एक कुटुंब? बाईला नाव आहे."

"बाई, नोंदी त्यांच्या असतील. पण त्यांना अर्थ आपण दिला. संशोधन म्हणजे अर्थ."

मी म्हटलं, "ठीक आहे. पण ज्यांची माहिती आहे त्यांची सही असल्याशिवाय कोठार घेत नाही, तो नियम तुम्हाला माहीत आहे. आपण तिघं सहीसाठी तोंडवलीला जाऊ."

खरं सांगते, मला धाकधूक होती. काकी सही करून मोकळ्या झाल्या असत्या तर मी काय करणार होते? नियम सहीचा आहे, नावांच्या क्रमाचा नाही. आणि त्यांनी नको म्हटलं असतं तर रसिकाचं ते प्रकरण पुन्हा गेलं असतं.

ओट्यावर खुर्च्या मांडल्या. काकींनी सरांना सोलकढी दिली. रसिकाने सगळा फॉर्म मालवणीत समजावून सांगितला: ह्या वह्या जगात कोणालाही बघता येतील, त्यावर कोणीही अभ्यास करू शकेल. काकींनी एकच अट घातली. "जाळा खंय टाकला, ती जागा सांगूची नाय. बाकी काय व्हया ता दाखवा." ते आम्ही आधीच झाकलं होतं. मग त्यांनी विचारलं, "हय कोणाची नावां आसत?"

रसिकाने खाली मान घालून वाचून दाखवली. काकी उठून आत गेल्या, एक वही घेऊन आल्या आणि सरांच्या हातात दिली. "सर, वाईच वाचून दाखवा. माझा चष्मो खंय गेलो कोण जाणे."

चष्मा त्यांच्या डोक्यावर होता.

सरांनी वही उघडली. "डिसेंबर. अकरा शु..." ते अडले. "अकरा शुद्ध. म्हणजे एकादशी. 'ढ. बां. ३ टो. ख. वा.' तीन टोपल्या बांगडे. हा ढ... आणि खवा?"

"ढग. चंद्र झाकलेलो. आणि ख. वा. म्हणजे खारो वारो, सर."

ढ! म्हणजे कुठल्या रात्री चांदणं असूनही झाकलेलं होतं, तेही ह्या वहीत होतं, आणि आम्ही तिघांनी मिळून तो ढ नुसता अडाण्यासारखा सोडून दिला होता.

काकी शांतपणे म्हणाल्या, "वाचूक येता, तेची वही."

मला वाटलं आता सर उठणार. पण पाटणकर सर हसायला लागले. आधी हळू, मग मोकळेपणी. त्यांनी खिशातलं पेन काढलं, फॉर्मवरच्या स्वतःच्या नावावर रेघ मारली आणि पहिल्या जागी मोठ्या अक्षरात लिहिलं: सुलभा तोडणकर. दुसरं रसिकाचं. स्वतःचं नाव आभारात घातलं. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "बाई, असं तोंड उघडं टाकून बघू नका. मला वाचता येत नाही, हे माझ्या लक्षात आलंय."

मी त्या माणसाला तेव्हा जो मान दिला, तो आजवर कोणाला दिलेला नाही.

काकींची सही झाली, रसिकाने लॅपटॉपवरही नावं बदलली आणि तो काकींच्या मांडीवर ठेवला. काकींनी चष्मा डोक्यावरून डोळ्यांवर घेतला. "सुलभा तोडणकर," त्यांनी वाचलं. "गावात माका सगळे आबाची बायल म्हणतत. सुलभा म्हणान शाळेत हजेरी झाली, तेच्या नंतर आज."

मी सांगितलं की ह्या नोंदींना आता एक कायमचा क्रमांक मिळणार, आणि त्या क्रमांकाबरोबर हे नाव राहणार.

"मागसून कोण पुसतलो नाय मां?"

"नाय काकी. मी नाय, सर नाय, विद्यापीठ पण नाय."

"खंयचा बटान?"

रसिकाने दाखवलं. काकींनी पदराला बोट पुसलं आणि बटण दाबलं. स्क्रीनवर क्रमांक आला, त्याच्यावर नाव. काकींनी ते एकदा स्वतः वाचलं, मग जाळ्यावरून आबांना उठवून आणलं आणि त्यांच्याकडूनही मोठ्याने वाचून घेतलं.